माघार

आमच्या लहानपणी माणसे दुखण्यातून उठली की हवापालटाला जात. म्हणजे ज्यांची ऐपत असे ती महाबळेश्वरला किंवा पाचगणीला जात. आमच्या घरातली माणसे फार तर मामाकडे जात, आणि तिथली हवा, विहीर व मामी या तिन्ही गोष्टी मानवल्या तर वजन वाढवून परत येत. या प्रकाराला कोणी 'वेलनेस' म्हणत नसे. मुख्य म्हणजे त्याचे पैसे पडत नसत.

माझ्या हृदयात डॉक्टरांनी एक जाळी बसवली तेव्हा माझ्या भाचीने फर्मान काढले, "मामा, तुम्ही आता क्रिएटिव्ह वेलनेस रिट्रीटला जायचं. हिमाचलात, कांग्रा खोऱ्यात, अंद्रेटा नावाच्या गावी. मी पैसे भरलेत." शेवटचे वाक्य ऐकून माझा विरोध मावळला. तरी सवयीप्रमाणे शब्दकोश उघडला. 'रिट्रीट' या शब्दाचा पहिलाच अर्थ होता : माघार. मराठे 1758 साली पंजाब ओलांडून अटकेपर्यंत गेले. मी त्याच पंजाबातून आगाऊ पैसे भरून माघार घ्यायला निघालो होतो.

जाण्यापूर्वी एक फॉर्म भरायचा होता. त्यात प्रश्न होता, 'आपली कला कोणती?' मी ठसठशीत अक्षरांत लिहिले, 'लेखन'. (बँकेच्या गृहपत्रिकेत माझ्या चार कविता आल्या आहेत, आणि वर्तमानपत्रांत नळाच्या पाण्याबद्दलची पत्रे तर कितीतरी.) सौभाग्यवती केवळ सोबत म्हणून येणार होत्या. त्यांच्या रकान्यात मी लिहिले, 'काही नाही'. त्या वेळी ती स्वयंपाकघरात होती. विचारायला उठावे लागले असते.

पठाणकोटला उतरलो. तिथून पुढे जोगिंदरनगरपर्यंत 164 किलोमीटरची एक चिमुकली रेल्वे 1929 साली सुरू झाली. तिच्यातून जायची माझी फार इच्छा होती. परंतु चक्की नदीवरचा तिचा पूल 2022 च्या ऑगस्टात पुराने नेला होता. म्हणून टॅक्सी केली. ड्रायव्हर इतिहासप्रेमी निघाला. त्याने सांगितले, की इंग्रजांचा व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन 1863 साली इथे जवळच धर्मशाळेला हृदयविकाराने वारला, आणि त्याची कबर बघण्यासारखी आहे. मी छातीवर हात ठेवून म्हटले, "परत येताना बघू." ज्या हवेने व्हाइसरॉयला दाद दिली नाही, ती बँकेच्या माजी हेडक्लार्कला काय देणार!

पण दृश्य असे, की बोलती बंद व्हावी. समोर धौलाधारची बर्फाळ भिंत, खाली भाताची खाचरे. आमचे मुक्कामाचे घर गावाच्या कडेला होते. पहाटे सहाला घंटा होई. मग दीर्घ श्वास. मग 'हर्बल टी', म्हणजे आपला काढा. दुपारी 'डिटॉक्स बोल', म्हणजे मऊ खिचडी, पण वर तूप नाही. मोबाइल काढून घेतलेले. संध्याकाळी प्रत्येकाने एका वहीत त्या दिवसाबद्दल कृतज्ञता लिहायची. पहिल्या दिवशी मी लिहिले, 'तूप मिळाले असते तर कृतज्ञ राहिलो असतो.'

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हांला एक मातीचे घर दाखवायला नेले. जाड मातीच्या भिंती, वर पाटीच्या दगडाचे छप्पर. मला वाटले, कोणा शेतकऱ्याचे असेल. ते निघाले नोरा रिचर्ड्स नावाच्या आयरिश बाईंचे.

या बाई मूळच्या नटी. 1911 साली त्यांचे यजमान लाहोरच्या दयालसिंग कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून आले, त्यांच्याबरोबर त्या आल्या. म्हणजे फॉर्म असता तर त्यांच्याही रकान्यात 'सोबत' असेच कोणीतरी लिहिले असते. तिथली मुले इंग्रजी नाटके पाठ करीत होती. बाईंनी त्यांना सांगितले, तुमच्या माणसांची नाटके तुमच्या भाषेत लिहा. त्यांनी स्पर्धा लावली, आणि 1914 साली ईश्वरचंद्र नंदा या विद्यार्थ्याच्या 'दुल्हन' या पंजाबी एकांकिकेचा प्रयोग झाला. आधुनिक पंजाबी नाटक तिथून मोजतात. सांगलीला भाव्यांचे 'सीतास्वयंवर' 1843 सालचे, त्यामुळे नाटकाच्या बाबतीत आपण मराठी माणसे जरा कॉलर ताठ करून बोलतो. पण परक्या मुलखात येऊन परक्यांना त्यांची स्वतःची भाषा दाखवून देणारी बाई आपल्याही इतिहासात सहज सापडायची नाही.

1920 साली यजमान वारले. बाई विलायतेला परतल्या. तिथे बसून दुःख करण्याची पूर्ण सोय होती. पण 1924 साली त्या पुन्हा हिंदुस्थानात आल्या आणि पुढे या खोऱ्यात मातीचे घर बांधून राहिल्या. 1905 च्या भूकंपात वीस हजारांच्या आसपास माणसे गमावलेले हे खोरे. तिथे त्यांनी उघड्यावर रंगमंच केला, गावकऱ्यांना घेऊन नाटके बसवली. पृथ्वीराज कपूर, बलराज साहनी यांच्यासारखी मंडळी त्यांच्याकडे येऊन गेली. फाळणीत लाहोर सुटलेले चित्रकार शोभासिंग 1947 साली येऊन स्थायिक झाले. गुरू नानकांची जी तसबीर आपण ठिकठिकाणी बघतो, ती बहुधा त्यांच्या चित्राची प्रत असते. बाई 1971 साली गेल्या. 1983 साली मिनी सिंग आणि मेरी सिंग या जोडप्याने इथे कुंभारकाम सुरू केले, आणि आता गाव त्यासाठीही ओळखले जाते.

मी त्या मातीच्या भिंतीला टेकून हिशेब केला. (हिशेबाची सवय जात नाही.) कोणाचे माणूस गेलेले, कोणाचे शहर गेलेले. बरे होण्यासाठी इथे विश्रांती घेतली, असा यांत एकही सापडेना. जो तो येऊन कामालाच लागलेला. मी मात्र तीन दिवसांत एक ओळ लिहिली होती, तीही तुपावर.

तिसऱ्या दिवशी मातीचा वर्ग होता. शिकवणारा तरुण म्हणाला, "आधी माती मळायची. आत हवा राहिली तर भांडं भट्टीत फुटतं." मी मळली ती टेबलाला चिकटली, मग मला चिकटली. शेजारी पाहतो तो हिने मातीचा गोळा मनगटांनी दाबत, वळवत लोण्यासारखा करून ठेवलेला. तरुण म्हणाला, "आंटी, आप पहले सीखी हैं?"

"पुरणपोळीची कणीक मळतो की आम्ही," ही मराठीतच म्हणाली. त्याला काय कळले कोण जाणे, पण तो हसला.

चाकावर तिची पहिली दोन भांडी कोसळली. तिसरे उभे राहिले. जरा कलते, पण वाटी म्हणून ओळखू येईल असे. मग तिने एका काडीने त्यावर वेल कोरायला घेतली. पान, कळी, पान, कळी. हात कुठे थांबत नव्हता, पुसत नव्हता.

"अगं, हे तू कधी शिकलीस?"

"अहो, एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्ही दिल्या होत्या की मी. इंटरमीजिएटला ए ग्रेड होती. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा आमच्या दादांनी सांगितलं होतं. तुम्ही दुसरा पोहे घेत होतात."

दुसरा पोहे मला स्वच्छ आठवत होता. ए ग्रेड आठवत नव्हती. बेचाळीस वर्षे झाली. घरात रंगपेटी कधी आली नाही. आली ती नातवासाठी, आणि तीही मी 'महाग आहे' म्हणून लहान आणली.

"मग पुढे का नाही काढलीस चित्रं?"

ती वेलीवरची माती फुंकत म्हणाली, "कोणी विचारलं नाही." रागाने नाही. दूध संपले आहे, असे सांगावे तसे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. छातीत काहीतरी होत होते, पण ते जाळीचे नव्हते.

निघताना पुन्हा फॉर्म दिला, अभिप्रायाचा. मी व्यवस्थापकबाईंकडून आमचा जुना फॉर्म मागून घेतला. तिच्या रकान्यातले 'काही नाही' खोडले आणि ठसठशीत अक्षरांत 'चित्रकला' लिहिले. माझ्या रकान्यातल्या 'लेखन'पुढे प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह टाकले. हीच माझी माघार. भाचीचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

वाटी भाजून, चकाकी चढून महिन्याने पार्सलने आली. तिच्यात आता तूप असते. ती कलती असल्यामुळे ते नेहमी एकाच बाजूला जमते; ती बाजू जेवताना हिच्याकडे करायची, असा मी नियम केला आहे. शिवाय मोठी रंगपेटी आणली. किंमत विचारली नाही.

मी केलेले भांडेही त्याच पार्सलात होते. भट्टीत फुटले होते. आत बरीच हवा राहिली होती म्हणे.