जबानीचा प्रवास

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. नवजात अर्भकाच्या हत्येचा आरोप शाबीत धरून तिला फाशी सुनावण्यात आली. पुढे अपिलात शिक्षा सौम्य झाली. खटल्याचे निमित्त साधून वर्तमानपत्रांनी विधवांच्या चालचलणुकीवर रकाने भरले आणि त्यांना बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. पिंजऱ्यात उभी राहते ती बाई आणि तिला तिथवर आणणारा पुरुष मोकळा, हे त्यांच्या संतापाचे मूळ. खटला, वर्तमानपत्र आणि त्या दोहोंची झडती घेणारी बाई हे तिन्ही घटक तेव्हाच एकत्र आले होते. स्त्रियांवरील हिंसेला सामोऱ्या जाणाऱ्या दस्तऐवजी रंगभूमीला पुढे याच सामग्रीवर उभे राहायचे होते. रंगमंच तेवढा अजून दूर होता.

मराठी रंगभूमीला स्त्रियांच्या या दुःखाची खबर नव्हती, असे मात्र नाही. म. बा. चितळे यांचे ‘मनोरमा’ हे त्या दुःखाकडे पाहणारे नाटक १८७१ चे. गो. ब. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली आले आणि पैशांसाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलींची व्यथा घरोघरी पोहोचली. पण ही गोष्ट कल्पित होती. लिहिणारा पुरुष, बसवणारा पुरुष, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शारदेचे लुगडे नेसून उभा राहणाराही मुलगाच. सुधारकाची कळकळ खरी असली, तरी जिच्यावर बेतते तिचा आवाज रंगमंचावर यायला अवकाश होता.

कागदपत्रे रंगमंचावर आणण्याची कल्पना आकाराला आली ती युरोपात. १२ जुलै १९२५ रोजी बर्लिनमध्ये एर्विन पिस्काटर यांनी जर्मन कम्युनिस्ट पक्षासाठी एक प्रयोग सादर केला. त्यात भाषणे, वर्तमानपत्रांतील कात्रणे, छायाचित्रे आणि महायुद्धाच्या चित्रफितीसुद्धा नाटकाच्या संहितेचा भाग होत्या. अमेरिकेत मंदीच्या दशकात ‘जिवंत वर्तमानपत्र’ या नावाने असे प्रयोग सरकारी खर्चाने झाले. मग १९६५ साली पेटर वाइस यांनी फ्रँकफर्टमधील आउश्वित्झ खटल्याच्या जबान्यांतून ‘डी एर्मिट्लुंग’, म्हणजे ‘तपास’, हे नाटक उभे केले. त्यातील एक तजवीज आपण ध्यानात ठेवू: आरोपींची नावे वाइस यांनी जशीच्या तशी ठेवली, साक्षीदारांना मात्र नुसते क्रमांक दिले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६७ च्या डिसेंबरात, मुंबईत ‘रंगायन’ने विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ सादर केले. हे दस्तऐवजी नाटक नव्हे. त्यातले कोर्टही लुटुपुटूचे. तरी त्याची नायिका लीला बेणारे हिच्यावर ठेवलेला भ्रूणहत्येचा आरोप सुरतेच्या त्या जुन्या खटल्याला कुठेतरी जाऊन भिडतो. शेवटी सुलभा देशपांडे यांची बेणारे दीर्घ स्वगत बोलते, तेव्हा भोवतालचे सारे गोठून उभे असतात. प्रेक्षक ऐकतात, कोर्टाच्या दफ्तरी त्यातला एक शब्दही चढत नाही.

खऱ्या दफ्तराची गाठ लवकरच पडली. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, यावरून तिच्या संमतीचा निष्कर्ष काढला गेला. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि पुढच्याच वर्षी देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. रस्त्याबरोबर पथनाट्यही आले. दिल्लीत ‘थिएटर युनियन’ने हुंडाबळींवर ‘ओम स्वाहा’ आणि बलात्काराच्या कायद्यावर ‘दफा नंबर १८०’ केले. मुंबईत १९७५ साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ साली ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ उभे केले. लोकगीतांच्या चाली, मोजकी सामग्री आणि कार्यकर्त्या हाच नटसंच, अशा बळावर ते गावोगाव गेले. लुगडे नेसलेल्या मुलाची जागा आता बाईनेच घेतली होती.

दरम्यान, १९८१ साली दस्तऐवजावरच संशय घेणारे नाटक आले. त्या एप्रिलमध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी स्त्रियांचा बाजार उघड करण्यासाठी एक बाई विकत घेतली आणि तसे पहिल्या पानावर छापले. तेंडुलकरांनी त्यावरून ‘कमला’ लिहिले. त्यांचा पत्रकार जयसिंग अडीचशे रुपयांना घेतलेल्या कमलाला पत्रकार परिषदेत पुरावा म्हणून उभी करतो, आणि तिथे तिची पुन्हा एकदा विटंबना होते. तुला कितीला घेतले, असे कमला त्याच्या बायकोला, सरिताला, विचारते, तेव्हा दिवाणखान्यातल्या लग्नाचाही हिशेब निघतो. पीडितेचा पुरावा करणे हीदेखील हिंसा असू शकते, ही जाण या परंपरेला ‘कमला’ने दिली. पुढे सुषमा देशपांडे तमासगीर बायांकडे गेल्या त्या ऐकण्यासाठी. त्या बोलण्यांतून ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’ घडले. ईव्ह एन्सलर यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांशी बोलून १९९६ साली रंगमंचावर आणलेली स्वगते वंदना खरे यांनी ‘योनीमनीच्या गुजगोष्टी’ म्हणून मराठीत आणली.

देसाईगंजच्या खटल्यावरून झालेल्या आंदोलनातून १९८३ साली जो कायदा बदलला, त्याच्या दोन तरतुदींपाशी आपण थांबायला हवे. पोलीस कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध शाबीत झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, ही पहिली. तिची ओळख छापून उघड करणे हा गुन्हा, ही दुसरी. एकीने तिच्या जबानीला वजन दिले, दुसरीने तिच्या नावाला आडोसा. वाइसच्या निनावी साक्षीदारांप्रमाणेच ती आता नावावाचून बोलू शकत होती.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर याएल फार्बर यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये एडिंबरा फ्रिंज महोत्सवात ‘निर्भया’ हे नाटक आणले. २०१४ साली ते भारतातही झाले. बसमधल्या त्या रात्रीच्या कथेभोवती पूर्णा जगन्नाथन आणि इतर अभिनेत्रींनी स्वतःवर झालेले अत्याचार स्वतःच्या नावानिशी सांगितले. त्यांतल्या एकीच्या चेहऱ्यावर हुंड्यापायी लावलेल्या आगीच्या खुणा होत्या. सुरतेत जबानी घेतली गेली, पत्रकार परिषदेत ती काढून घेतली गेली, इथे ती आपणहून दिली गेली. नाव झाकणे हा तिचा हक्क आणि ते उच्चारणे हाही तिचाच, इथवर येण्यात सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. यापुढे कोणी खऱ्या जबानीवर नाटक बेतणार असेल, तर संहितेला हात घालण्यापूर्वी जबानी देणारीची परवानगी घेणे, ही या परंपरेने घालून दिलेली पहिली अट आहे.