निर्वासितांच्या मनाची प्रश्नावली: भाषा बदलली की माप बदलते का?

छावणीत आलेल्या माणसाचा ताप मोजायचा तर थर्मामीटर पुरतो. तो अरबी बोलणाऱ्याला आणि बर्मी बोलणाऱ्याला सारखाच लागू पडतो. मनाच्या तकलीफीचे तसे नाही. तिथे मोजायचे साधन म्हणजे प्रश्न, आणि प्रश्न कुठल्यातरी भाषेतच विचारावा लागतो. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्था, दवाखाने आणि संशोधक उदासी, घबराट आणि आघाताच्या खुणा ओळखायला छापील प्रश्नावल्या वापरतात. दहा-पंधरा ते तीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन किंवा एक ते चार असे गुण, शेवटी बेरीज किंवा सरासरी. आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की माणसाला पुढे डॉक्टरकडे पाठवायचे. यातल्या बऱ्याच प्रश्नावल्यांचे मूळ इंग्रजीत आहे. तोच कागद अफगाण, रोहिंग्या, सीरियन किंवा भूतानच्या माणसापुढे ठेवला तर आकड्याचा अर्थ तोच राहतो का, हा सवाल गेली चाळीसेक वर्षे या क्षेत्रात चर्चेत आहे.

शाळेत शिकवणाऱ्यांना हा मुद्दा पटकन कळतो. गणिताचा एकच पेपर मराठी माध्यमाला आणि उर्दू माध्यमाला जातो. समजा उर्दू पेपरात एका उदाहरणातला एक शब्द असा पडला की विचारले आहे काय तेच उलटे झाले. मग हुशार पोरसुद्धा तिथे चुकणार. त्याला गणित येत नाही असे नव्हे, पेपरानेच त्याला दगा दिला. प्रश्नावलीची ‘वैधता’ म्हणजे हेच: जे मोजायचे म्हणतो तेच मोजले जाते का? विश्वसनीयता ही वेगळी गोष्ट. दर वेळी शंभर ग्रॅम कमी दाखवणारा तराजू विश्वसनीय असतो, कारण तो रोज तेच दाखवतो, पण माप खोटेच.

बॉस्टनहून सुरुवात

व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून अमेरिकेत आलेल्या निर्वासितांसाठी बॉस्टनमध्ये एक मानसोपचार केंद्र चालत असे. तिथले डॉ. रिचर्ड मोलिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हॉपकिन्स सिम्प्टम चेकलिस्ट-२५’ या जुन्या यादीच्या त्या तीन भाषांतल्या आवृत्त्या १९८७ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यात घबराटीचे १० आणि उदासीचे १५ प्रश्न. १९९२ मध्ये त्यांनीच ‘हार्वर्ड ट्रॉमा क्वेश्चनेअर’ आणली. तिच्यात आधी माणसावर काय काय गुदरले याची यादी, मग ३० लक्षणे. त्यातली १६ अमेरिकी निदान-पुस्तिकेतून घेतलेली, उरलेली १४ निर्वासितांच्या अनुभवातून जोडलेली. ही जोड महत्त्वाची होती. पुस्तिकेत जे नाही तेही माणसाला होऊ शकते, हे त्यात मान्य केले होते.

पहिल्या यादीत सरासरी १.७५ आणि दुसरीत २.५ ही रेषा धरली जाते. २.५ चा आकडा त्या बॉस्टनच्या दवाखान्यातल्या आग्नेय आशियाई रुग्णांवरून निघालेला. पुढे तो इतर देशांतल्या, इतर भाषांतल्या लोकांना जसाच्या तसा लावला गेला. आमच्या मते गडबडीचा मोठा भाग इथेच आहे. भाषांतर करताना निदान कोणी विचार तरी करतो. रेषा मात्र मुकाट्याने उचलली जाते.

जिगर, कल्ब, मन

अफगाणिस्तानात दुःखाला ‘जिगर खून’ म्हणतात. आपल्या घरांत उर्दू शायरी ज्यांच्या कानावर पडली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पण कल्पना करा, दुभाष्याने याचे शब्दशः भाषांतर केले आणि समोरच्या परदेशी डॉक्टरने यकृताची तपासणी लिहून दिली. केनेथ मिलर आणि सहकाऱ्यांनी काबूलमध्ये लोकांच्या तोंडचे असे शब्द गोळा करून २००६ मध्ये ‘अफगाण सिम्प्टम चेकलिस्ट’ प्रसिद्ध केली. त्यात ‘जिगर खून’ आहे, ‘असबी’ म्हणजे चिडून घरच्यांवर ओरडणे, हात उगारणे आहे, आणि ‘फिशार’ म्हणजे दाबही आहे. दाब वर चढला म्हणजे आतून घुसमट आणि अस्वस्थता, खाली गेला म्हणजे अंगात त्राण नाही, कशात जीव लागत नाही. आपल्याकडे यंत्र न लावताच ‘माझा बीपी वाढलाय’ म्हणणारी खाला प्रत्येक मोहल्ल्यात सापडते. तिलाही रक्तदाबच म्हणायचा असतो असे नाही.

इराकी निर्वासितांसाठी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डिअरबॉर्न इथे हार्वर्डची प्रश्नावली नव्याने बसवण्यात आली. ते काम २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे लोकांशी आधी लांबलचक गप्पा केल्या गेल्या, आणि त्यांतून कल्ब आवळला जाणे, नफ्स थकणे, जीव कोंडणे असे शब्द वर आले. कुराणाची अरबी ज्यांच्या कानाला आहे त्यांना कल्ब आणि नफ्स परके नाहीत. पण या लोकांच्या रोजच्या बोलीत ते तब्येतीचेही शब्द आहेत. ‘उदास आहात का?’ याला ‘नाही, अल्हम्दुलिल्लाह’ म्हणणारा माणूस ‘कल्ब आवळतो का?’ म्हटल्यावर बोलू लागू शकतो. शिवाय अरबी एकच नाही. बगदादची बोली, दमास्कसची बोली आणि छापील अरबी यांत बराच फरक आहे. आणि सीरियातून आलेल्या अनेकांची मातृभाषा कुर्दी आहे.

नेपाळीतला फरक मराठी माणसाला लगेच कळेल. तिथे ‘मन’ आणि ‘दिमाग’ वेगळे. मन दुखते, मनाला लागते, त्यात लाज नाही. दिमाग बिघडला म्हणजे माणूस वेडा, घराची इज्जत गेली. मानववंशशास्त्रज्ञ ब्रँडन कोर्ट आणि इयन हार्पर यांनी २००८ मध्ये यावर सविस्तर लिहिले. ‘मानसिक आजार’ हा शब्द दिमागाकडे झुकला तर लोक सगळ्याच प्रश्नांना नकार देतील. तो मनाकडे झुकला तर निदान बोलतील.

रोहिंग्यांची अडचण आणखी निराळी. त्यांची भाषा मुख्यतः बोलली जाते, लिहिली कमी जाते. तिच्यासाठी १९८० च्या दशकात बनलेली हनिफी लिपी युनिकोडमध्ये आली ती २०१८ साली. बहुतेकांना छापील प्रश्नावली वाचून दाखवावीच लागते. कॉक्स बाजारला वाचणारा बहुधा चाटगावी बोलणारा बांगलादेशी असतो. दोन्ही भाषा जवळच्या, पण एक नव्हेत. आणि उर्दू तर अजिबात नव्हे. मुसलमान आहे म्हणजे उर्दू समजत असेल, हा आपल्याकडचा समज इथे कामाचा नाही. मात्र त्यांच्या बोलण्यातली ‘चिंता’ आणि ‘ओशांती’ ही अशांती मराठी कानाला ओळखीची वाटेल.

भाषांतर बरोबर, तरी चूक

भाषांतर तपासायची रूढ पद्धत अशी: एकाने इंग्रजीतून आपल्या भाषेत करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे, आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहायचे. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखापासून ही पद्धत पक्की झाली. पण हॉपकिन्स यादीत उदास वाटण्यासाठी ‘फीलिंग ब्लू’ असा वाक्प्रचार आहे. त्याचे कोणी ‘निळे वाटणे’ केले, तर परतीच्या फेरीत तंतोतंत ‘फीलिंग ब्लू’च मिळेल. तपासणीत पूर्ण गुण, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात काहीच नाही.

शब्द नीट असूनही प्रश्न घसरतो. त्याच यादीत ‘अडकून पडल्यासारखे वाटते का?’ आणि ‘भविष्याबद्दल निराश वाटते का?’ असे प्रश्न आहेत. काटेरी तारेच्या कुंपणात राहणाऱ्या, कुठल्याच देशाचे नागरिकत्व नसलेल्या माणसाने ‘हो’ म्हटले तर ते लक्षण की वस्तुस्थिती? बांगलादेशातल्या छावण्यांतल्या १४८ रोहिंग्यांच्या २०१७ मध्ये छापलेल्या पाहणीत सुमारे ३६ टक्के लोक आघाताच्या रेषेवर आणि ८९ टक्के उदासीच्या रेषेवर निघाले. छावणीतल्या रोजच्या हालांचा या त्रासात मोठा वाटा आहे, हे त्या अभ्यासातच आले आहे. दहातल्या नऊ जणांना आजार जडला आहे असे वाचायचे, की दहातल्या नऊ जणांचे जगणे असह्य आहे असे? पहिल्याला गोळ्या लागतील, दुसऱ्याला छत, काम आणि कागदपत्रे.

मग ‘पीएचक्यू-९’ चा नववा प्रश्न. ही २००१ मध्ये आलेली नऊ प्रश्नांची यादी आता जगभर चालते. नववा प्रश्न दोन गोष्टी एकत्र विचारतो: मेलेले बरे असे वाटते का, किंवा स्वतःला इजा करावीशी वाटते का. आपल्याकडे ‘अल्लाह आता उचलून घे’ हे थकलेली आजीही म्हणते आणि खरोखर संपत आलेला माणूसही म्हणतो. खुदकुशी हराम आहे हे मनात पक्के असलेला माणूस दुसऱ्या भागाला घाबरून पूर्ण प्रश्नालाच ‘नाही’ म्हणू शकतो. इथे दोन प्रश्न वेगळे करून, एकांतात विचारले पाहिजेत. सासू शेजारी बसलेली, दुभाषी म्हणून दहा वर्षांचा मुलगा, अशा बैठकीत तर कुठल्याच उत्तराचा भरवसा धरू नये.

भूतानहून हाकलल्या गेलेल्या नेपाळीभाषकांनी पूर्व नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षे काढली, आणि २००७ नंतर एक लाखाहून अधिक लोक मुख्यतः अमेरिकेत गेले. २००९ ते २०१२ या तीन वर्षांत तिथे त्यांच्यातल्या १६ जणांनी आत्महत्या केल्याचे सरकारी तपासात नोंदले गेले. हे प्रमाण सर्वसाधारण अमेरिकी लोकसंख्येपेक्षा बरेच जास्त होते. म्हणून प्रश्नावल्या बंद करा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. न विचारण्याची किंमतही मोठी आहे.

याच काळात सिएटलच्या परिसरात मायकेल हॉलिफील्ड आणि सहकाऱ्यांनी ‘रेफ्युजी हेल्थ स्क्रीनर-१५’ तयार केली. इराकी, नेपाळीभाषक भूतानी आणि ब्रह्मदेशातून आलेल्या लोकांवर ती तपासली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. ‘बिलकूल नाही’ ते ‘फार जास्त’ या पायऱ्यांसाठी तिच्यात हळूहळू भरत जाणाऱ्या बरण्यांची चित्रे आहेत. न वाचता येणाऱ्यालाही बोट ठेवता येते. पहिल्या चौदा प्रश्नांत १२ किंवा जास्त गुण, अथवा शेवटच्या शून्य ते दहाच्या मापावर ५ किंवा जास्त, म्हणजे पुढे पाठवा. हे निदान नाही, फक्त चाळणी.

चाळणीचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. समजा हजार माणसांत शंभर खरोखर आजारी आहेत. चाळणी त्यांतल्या नव्वदांना पकडते आणि उरलेल्या नऊशेपैकी वीस टक्क्यांना, म्हणजे १८० जणांना, उगाच पकडते. एकूण २७० जण रेषेवर, त्यांत खरे ९०. तिघांत एक. म्हणून रेषेवरच्या प्रत्येकाशी त्याच्या भाषेत जाणकाराने बोलणे भाग आहे. आणि एखाद्या भाषेत ती रेषा कुठे ओढायची हेही अशाच मुलाखतींशी ताडूनच ठरते. दोन भाषांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर आणखी एक पायरी लागते: सारखीच तकलीफ असलेली दोन्हीकडची माणसे प्रत्येक प्रश्नाला सारखेच उत्तर देतात का, हे आकडेशास्त्राने तपासणे. ते केलेले नसेल तर ‘अमुक कौमेत उदासी दुप्पट’ अशी बातमी आम्ही तरी पुढे पाठवणार नाही.

दुसरा रस्ता उलट दिशेने जातो: इंग्रजी यादी बाजूला ठेवायची आणि लोकांच्या शब्दांपासून सुरू करायचे. मुंबईत जन्मलेले आणि पुढे गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेणारे डॉ. विक्रम पटेल यांनी १९९० च्या दशकात झिंबाब्वेच्या हरारे शहरात हे केले. ते लोक निर्वासित नव्हते, पण पद्धत सगळ्यांच्या उपयोगाची ठरली. शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे फार विचार करणे, डोक्यात तेच तेच घोळवत राहणे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चौदा प्रश्नांच्या शोना यादीत पहिलाच प्रश्न हा आहे.