परवानगीवांचून बोललेला शब्द

हैदराबाद संस्थानांत १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ मुळें परभणीकरांस साधी जाहीर सभा भरविण्यासही सरकारी परवानगी लागे. १९४८ सालीं ती राजवट संपली. १९६८ मध्यें परभणीस आकाशवाणी केंद्र निघालें; तेथेंही वक्त्याची निवड अधिकारीच करीत. ह्या निवडीनें कित्येक गुणी माणसें दाराबाहेर राहिलीं असतील. परंतु प्रक्षेपित शब्दाची जबाबदारी घेणारें कोणी तरी होतें, हेंही विसरतां येत नाहीं.

२००५ मध्यें यूट्यूब निघालें. पुढें स्वस्त मोबाइल हातीं येतांच खेड्यांतील तरुण कोणाच्याही निवडीवांचून बोलूं लागला. धनी मात्र सुटला नाहीं, बदलला! कोणाचें चित्र लोकांपुढें न्यावयाचें, हें आतां कंपनीचें यंत्र ठरवितें. २०२४ मध्यें प्रसारण विधेयकाच्या मसुद्यांत ह्या स्वतंत्र निर्मात्यांसही सरकारी नियमांखालीं आणण्याचा घाट घातला गेला. टीका वाढतांच ऑगस्टमध्यें केंद्र सरकारनें वांटलेल्या प्रती परत मागविल्या.