वाईट वर्षानंतरचे वर्ष



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर सावरगाव आणि दुसऱ्या काठावर पांढुर्णा उभे राहते. मध्ये पात्रात पळसाचे झाड, त्यावर झेंडा. आणि गोटमार सुरू होते. समजा, एखाद्या वर्षी जखमी फार झाले. पुढच्या वर्षी बंदोबस्त वाढला, जखमी घटले. श्रेय बंदोबस्ताला मिळते. पण आपण वर्षच मुळी अपवादाने वाईट निवडले होते. काहीही न करता पुढचे वर्ष बहुधा सौम्यच गेले असते.

हा घोटाळा फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली मांडला. २०५ जोडप्यांची ९२८ प्रौढ मुले त्याने मोजली. फार उंच आईबापांची मुले उंच खरी, पण सरासरीच्या अधिक जवळ. उलट मोजले तरी तेच : फार उंच मुलांचे आईबापही सरासरीकडे झुकलेले. म्हणजे ही आनुवंशिकतेची करामत नव्हे, निवडीची आहे.

वैद्यकात तिची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते. रक्तदाब चढलेला असताना निवडलेल्या रुग्णांचा दाब साखरेच्या गोळीनेही काहीसा उतरलेला दिसतो. म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. दोन्ही गट सारखेच परततात. उरलेला फरक औषधाचा. तरीही योगायोगाने एक गट चढ्या आकड्यावरून निघाला, तर त्याची घट फुगलेली दिसते. अशा वेळी नुसती वजाबाकी न करता शेवटचा आकडा सुरुवातीच्या आकड्याशी जुळवून तपासावा लागतो; त्याला सहप्रसरण विश्लेषण म्हणतात.

आपल्या विदर्भातच पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, ४७ गावे तुलनेला ठेवली. १९९३–९५ मध्ये हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ आणि ५८ होते. उपक्रमाच्या तिसऱ्या वर्षी ते सुमारे २५ आणि ६० झाले. गावे चिठ्ठ्या टाकून वाटली नव्हती, हे खरे. पण तुलनेची गावे जागची हलली नाहीत. सुरुवातीचा चार अंकांचा फरक एवढी मोठी घट समजावून देत नाही. ती बाळे वाचली ती सरासरीच्या कृपेने नव्हे.

गोटमारीला तुलनेसाठी दुसरी जाम नदी आणता येत नाही. म्हणून एका वर्षाशेजारी दुसरे ठेवू नये, अनेक वर्षांची रांग पाहावी. नाहीतर सौम्य वर्षावर विसंबून आपण बंदोबस्त सैल करू, आणि दगड पुन्हा कुणाच्या तरी कपाळी येईल.