सातारा–सांगली रस्ता

सातारा–सांगली रस्ता हा महाराष्ट्र राज्यातील सातारा आणि सांगली या दोन जिल्हा मुख्यालयांना जोडणारा सुमारे १२० कि.मी. लांबीचा रस्ता आहे. सातारा ही मराठा छत्रपतींची राजधानी होती, तर सांगली ही पटवर्धन संस्थानिकांची. कृष्णेच्या खोऱ्यातून जाणारा हा प्रवास मोटारीने साधारणतः अडीच तासांत पूर्ण होतो. मात्र वाटेतील स्थळांमुळे तो अनेकदा एक किंवा दोन दिवसांच्या सहलीच्या स्वरूपात आखला जातो. पावसाळ्यात कृष्णेच्या पुरामुळे सांगलीजवळील भागात वाहतूक खंडित होण्याचा संभव असल्याने ऋतूचा विचार हा या प्रवासाच्या नियोजनाचा महत्त्वाचा भाग ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याचे बांधकाम शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडे जाते. इ.स. १६७३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी हा किल्ला जिंकला. इ.स. १६९९–१७०० मध्ये औरंगजेबाने त्याला वेढा घातला, त्या वेळी किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी तो अनेक महिने लढवला. इ.स. १७०८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. पुढे इ.स. १८४८ मध्ये लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत ईस्ट इंडिया कंपनीने सातारा संस्थान खालसा केले.

सांगलीचा उदय साताऱ्यानंतरच्या काळातला आहे. इ.स. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेच्या जहागिरीतून वेगळे झाले व त्यांनी सांगली ही आपली राजधानी केली. गणेशदुर्ग आणि कृष्णाकाठचे गणपती मंदिर ही त्या राजवटीची ठळक चिन्हे आहेत. इ.स. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी चिंतामणरावांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ हे नाटक सांगलीत सादर केले. आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ त्या प्रयोगापासून मानला जातो.

आजची जिल्हा सीमा अलीकडची आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर इ.स. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर इत्यादी दक्षिणेकडील भाग आणि विलीन झालेल्या संस्थानांचा प्रदेश एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा स्थापन करण्यात आला. इ.स. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे झाले. यामुळेच इ.स. १९४२ नंतरच्या चळवळीला ‘साताऱ्याचे प्रतिसरकार’ असे म्हटले जात असले, तरी क्रांतिसिंह नाना पाटील यांचे येडेमच्छिंद्र आणि चळवळीचे केंद्र असलेले कुंडल ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत.

मुख्य मार्ग

मुख्य मार्गाचे दोन स्पष्ट टप्पे पडतात. सातारा ते पेठ नाका हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग ४८ वर (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४) आहे. पेठ नाक्यापासून डावीकडे वळून इस्लामपूर व आष्टामार्गे सांगलीस जाता येते. साताऱ्यापासूनची अंदाजे अंतरे पुढीलप्रमाणे आहेत.

• उंब्रज : ३५ कि.मी.
• कऱ्हाड : ५२ कि.मी.
• पेठ नाका : ७८ कि.मी.
• इस्लामपूर : ८५ कि.मी.
• आष्टा : १०० कि.मी.
• सांगली : १२० कि.मी.

इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर असे करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला. त्यामुळे फलकांवर व बोलण्यात दोन्ही नावे आढळतात. महामार्गावर कऱ्हाडच्या अलीकडे तासवडे येथे पथकर नाका आहे. सातारा–कागल या टप्प्याचे सहापदरीकरण आणि पेठ–सांगली रस्त्याचे चौपदरीकरण ही कामे अलीकडच्या काळात हाती घेण्यात आली. बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी वाहतूक सेवारस्त्यावर वळवली जाते व प्रवासास अधिक वेळ लागतो.

या मार्गाचे भौगोलिक वैशिष्ट्य असे की, तो जवळजवळ शेवटपर्यंत कृष्णेच्या उजव्या तीराने जातो. उरमोडी, तारळी व कोयना या उपनद्या वाटेत ओलांडाव्या लागतात, परंतु खुद्द कृष्णा ओलांडावी लागते ती सांगलीच्या वेशीवर. सांगलीवाडी व सांगली शहर यांना जोडणारा आयर्विन पूल इ.स. १९२९ मध्ये बांधण्यात आला. बायपासवर नदी ओलांडण्यासाठी स्वतंत्र पूल आहे.

पर्यायी मार्ग

कऱ्हाडजवळ कृष्णा ओलांडून शेणोली, पलूस व तासगावमार्गे सांगलीस जाणारा रस्ता नदीच्या डाव्या तीराने जातो. तो मुख्य मार्गापेक्षा काहीसा लांब व संथ आहे. पलूस व तासगाव यांच्या दरम्यान येरळा नदी ओलांडावी लागते. तासगावपासून सांगली सुमारे २५ कि.मी. असून हा रस्ता माधवनगरच्या बाजूने शहरात येतो. सांगलीजवळ कृष्णा ओलांडावी लागत नसल्याने मुख्य रस्ता पुराने बंद असताना या बाजूला महत्त्व येते. मात्र पलूस तालुक्यातील नदीकाठची गावेही पूरग्रस्त होत असल्याने हा मार्ग नेहमीच निर्धोक असतो असे नाही.

पुणे–मिरज लोहमार्गही कऱ्हाडनंतर शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी व भिलवडी या स्थानकांवरून सांगलीस येतो. साताऱ्याचे रेल्वे स्थानक शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूस आहे.

मार्गावरील प्रमुख स्थळे

सातारा परिसर : अजिंक्यतारा, छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आणि कृष्णा–वेण्णा संगमावरील संगम माहुलीची मंदिरे ही शहरातील व शहरालगतची स्थळे होत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. समर्थ रामदासांची समाधी असलेला सज्जनगड आणि पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत (२०१२) समाविष्ट असलेले कास पठार ही दोन्ही ठिकाणे शहराच्या पश्चिमेस, म्हणजे सांगलीच्या वाटेपासून दूर आहेत. त्यांच्यासाठी वेगळा अर्धा दिवस राखावा लागतो.

उंब्रज व चाफळ : समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी उंब्रज, मसूर, शहापूर, माजगाव, शिंगणवाडी व चाफळ (दोन) हे सात सातारा जिल्ह्यात, तर बहे व शिराळा येथील दोन सांगली जिल्ह्यात आहेत. बहे येथील मारुती कृष्णेच्या पात्रातील बेटावर असल्याने पावसाळ्यात तेथे जाणे पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते.

कऱ्हाड : कृष्णा व कोयना यांचा प्रीतिसंगम आणि त्याच्या काठावरील यशवंतराव चव्हाण यांची समाधी येथे आहे. शहराजवळ आगाशिव डोंगरात बौद्ध लेणी आहेत.

पर्यायी मार्गाच्या परिसरातील स्थळे : ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटली. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव असून त्यालगत सागरेश्वर अभयारण्य आहे. किर्लोस्करवाडी ही उद्योगवसाहत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी इ.स. १९१० मध्ये औंध संस्थानच्या साहाय्याने वसवली. औदुंबर हे दत्तक्षेत्र कृष्णाकाठी आहे. तासगाव येथे परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या काळातील गणपती मंदिर असून त्याचे दाक्षिणात्य धाटणीचे गोपुर महाराष्ट्रात विरळा आढळते.

सांगली परिसर : गणपती मंदिर, हळदीची बाजारपेठ व कृष्णा–वारणा संगमावरील हरिपूरचे संगमेश्वर मंदिर ही प्रमुख स्थळे आहेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जवळच असलेले मिरज सतार व तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांसाठी प्रसिद्ध आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांची कबर तेथील मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात आहे.

ऋतुमान व सुरक्षितता

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासासाठी सर्वांत अनुकूल मानला जातो. कास पठारावरील फुलांचा बहर मात्र साधारणतः सप्टेंबरच्या सुमारास असतो. त्या वेळी पठारावरील प्रवेश मर्यादित असल्याने आगाऊ नोंदणी आवश्यक ठरते.

सांगली येथे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ही पातळी ५७ फुटांवर गेली. २००५ व २०२१ मध्येही ती ५० फुटांच्या पुढे होती. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन जाणारी नाव उलटून अनेकांचा मृत्यू झाला. सांगलीत पाऊस नसतानाही वरच्या खोऱ्यातील पाऊस आणि कोयना धरणाचा विसर्ग यांमुळे येथील पाणी वाढू शकते. म्हणून जुलै–ऑगस्टमध्ये प्रवास करताना केवळ स्थानिक हवामान पाहणे पुरेसे नसते. कोयनेचा विसर्ग, आयर्विन पुलाजवळील पातळी आणि प्रशासनाने बंद केलेल्या रस्त्यांची माहिती निघण्यापूर्वी घेणे आवश्यक असते. पाण्याखाली गेलेल्या पुलावरून वा रस्त्यावरून वाहन नेणे धोक्याचे आहे.

ऊस गळीत हंगामात, म्हणजे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात, कऱ्हाड ते सांगली पट्ट्यात उसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते. मागील बाजूस दिवा वा परावर्तक पट्टी नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उशिरा दिसतात. त्यामुळे पेठ नाक्यापुढील टप्पा दिवसाउजेडी पूर्ण करणे हितावह असते.

सहलीची रचना

एका दिवसाच्या सहलीत सकाळी अजिंक्यतारा, दुपारी प्रीतिसंगम व सायंकाळी सांगलीचे गणपती मंदिर पाहणे शक्य होते. दोन दिवस उपलब्ध असल्यास पहिल्या दिवशी चाफळ व कऱ्हाड पाहून कऱ्हाड येथे मुक्काम करता येतो. दुसऱ्या दिवशी देवराष्ट्रे, औदुंबर व तासगावमार्गे सांगली गाठून परतीसाठी आष्टा–पेठ नाका हा मार्ग घेतल्यास कृष्णेचे दोन्ही काठ पाहता येतात. खासगी वाहन नसलेल्या प्रवाशांसाठी एस.टी.च्या बसगाड्या कऱ्हाड व इस्लामपूरमार्गे उपलब्ध असतात.