विडी उद्योग, गोंदिया परिसरातील : नियमन व स्वयंरोजगार

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील गोंदिया जिल्ह्यात (१ मे १९९९ पूर्वी भंडारा जिल्ह्याचा भाग) भातशेतीच्या जोडीने रुजलेला गृहोद्योग. तेंदूची वने, रेल्वेची सोय व भाताचा हंगाम सरल्यावर मोकळे होणारे मनुष्यबळ यांमुळे विसाव्या शतकात तो येथे वाढीस लागला. विडी वळण्यास यंत्र वा वीज लागत नाही, ती घरीही वळता येते. त्यामुळे विडी वळणारी व्यक्ती कामगार समजावी की स्वतंत्र कारागीर, हा या उद्योगाच्या नियमनातील मूलभूत प्रश्न ठरला.

मध्य प्रांताने १९३७ मध्ये खास अधिनियम करून विडी, लाख व कातडी कमावणे या धंद्यांतील यंत्रविरहित कार्यशाळा नियमनाखाली आणल्या. शेतीला मजूर मिळावेत म्हणून १९४८ च्या अधिनियमाने, हंगामात ठराविक गावांत विडी वळण्यास मनाई करण्याचे अधिकार जिल्ह्याच्या प्रशासनाला दिले. सागर जिल्ह्यातील चिंतामणराव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर १९५० रोजी ही तरतूद रद्द ठरविली. शेतीकाम न झेपणारे वृद्ध, अपंग व मुले यांनाही ती लागू होती; म्हणून व्यवसायस्वातंत्र्यावरील हे बंधन अवाजवी मानले गेले. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशातच असल्याने या निर्णयाचे महत्त्व या परिसरासही होते.

व्यवसाय निवडण्याचा हक्क असा मान्य झाला. मात्र त्याने मजुरीची हमी मिळाली नाही. कारखानदाराकडून तंबाखू घेऊन विड्या वळवून देणारे सट्टेदार हे कामगार नसून स्वतंत्र कंत्राटदार होत, असा निर्णय १९५८ मध्ये झाला. उलट, नागपूरच्या बिरधीचंद शर्मा प्रकरणात (१९६१) कारखान्यात बसून वळणारे कामगारच ठरले. कारखान्यात वेतन, रजा व कामाचे तास यांची जबाबदारी मालकावर येते. घरी काम दिल्यास ती टाळता येते. साहजिकच काम घरोघरी वाटण्याकडे मालकांचा कल वाढला.

ही पळवाट बंद करण्यासाठी विडी व सिगार कामगार अधिनियम, १९६६ याने घरी वळणाऱ्यांनाही कामगार मानले. कच्च्या मालाचा पुरवठा व विड्यांची छाट यांविषयीचे वाद सोडविण्याची तरतूदही त्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो वैध ठरविला. तथापि कोणा मालकाचा कामगार नसलेल्या आणि घरच्या माणसांच्या साहाय्याने विड्या वळणाऱ्या गृहस्थास त्यातून वगळले होते. त्यामुळे कारागिराला पाने व तंबाखू ‘विकून’ त्याच्याकडून विड्या ‘विकत घेण्याची’ पद्धती कायद्याबाहेर राहण्याचे साधन बनली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा अधिनियम समाविष्ट करण्यात आला.

नियमनामुळे स्वयंरोजगार वाढतो की केवळ त्याचे नाव वाढते, या अर्थशास्त्रीय प्रश्नाचे हे बोलके उदाहरण होय. कच्चा माल कोण पुरवितो, दर कोण ठरवितो आणि नाकारलेल्या विडीचा तोटा कोण सोसतो, या तीन कसोट्यांवरच घरी वळणाऱ्या व्यक्तीचे स्वातंत्र्य पारखावे लागते.