उमेदवार आणि पदवी

खर्ड्याच्या व्यासपीठावर इतिहासाचे नाव निघाले की श्रोते 1795 च्या लढाईची वाट पाहू लागतात. ती मी सांगणार नाही. येथल्या पोरांनाही ती पाठ आहे. परंतु त्या फौजांचा दाणागोटा आणि शिपायांचा पगार ज्यांनी मोडीत मांडला, ते कारकून कोठे शिकले? दप्तरातच शिकले. जाणत्या कारकुनापाशी बसावे, नकला कराव्या आणि आज ना उद्या जागा मिळेल या आशेवर बिनपगारी राबावे. अशा माणसाला उमेदवार म्हणत. आता नुसता अर्ज करणाराही उमेदवारच!

या पद्धतीचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. दप्तरात बसायला मिळे ते कारकुनाच्या मुलाला किंवा भाच्याला. गावचे कुळकर्णीपण तर वतनच होते. मुंबई राज्यात ते कायद्याने गेले 1950 साली. 1844 मध्ये लॉर्ड हार्डिंगने इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत अग्रक्रम दिला, 1862 मध्ये रानडे-भांडारकर मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले, तेव्हा निदान कागदोपत्री तरी जन्माच्या जागी परीक्षा आली. पण परीक्षेपर्यंत पोचत कोण होते? जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगाला हेच सुनावले, आणि 1902 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या त्या याच कारणाने.

स्वराज्यात सरकारलाही शंका आली. 1955 मध्ये रामस्वामी मुदलियार यांची समिती नेमण्यात आली. वरिष्ठ प्रशासकीय जागांना पदवी असावी, कारकुनी जागांना तिची गरज नाही, असा तिचा अभिप्राय पडला. 1986 च्या शैक्षणिक धोरणाने पदवी व नोकरी यांची काही क्षेत्रांत फारकत करण्याचे अभिवचन दिले. झाले उलटेच. अर्ज जितके अधिक, तितकी अट वर सरकते. कारण अर्जांचे ढीग चाळण्यापेक्षा दार अरुंद करणे कचेरीला सोपे पडते.

एका नगरपालिकेत रोजंदारीवरच्या एका कामगाराने अकरा वर्षे पाणीपट्टीची खाती सांभाळली. कायम जागा निघाली ती पदवीची अट घेऊनच. निवडून आलेल्या तरुणाला खाती समजावून देण्याचे काम याच्याकडेच आले. त्या तरुणावर माझा राग नाही. त्याच्याही बापाने कर्ज काढूनच त्याला शिकविले होते. आमच्या युनियनने मागणी केली ती एवढीच, की अनुभवाची वर्षे पदवीच्या जागी धरा आणि दोघांची एकच परीक्षा घ्या. नियमात तरतूद नाही, असे उत्तर आले.

तलाठ्याचेच पाहा. 2023 च्या भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, आणि साधारणपणे अर्जदाराला पदवी आवश्यक होती. पदवी कोणत्याही विषयाची चालत होती. सातबारा आणि फेरफार यांचे काम त्या पदवीत शिकवीत नाहीत. ते नेमणूक झाल्यावर शिकायचे असते, आणि त्यासाठी खात्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते.